मृगापासून पोळ्यापर्यंत : पाण्यातून जमिनीवर आलेला जीव आपल्याच गावात कसा पाहायचा

मे महिन्यात आमच्या गावाजवळचं गिरणेचं पात्र म्हणजे नुसती वाळू. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, विहिरींनी तळ गाठलेला, केळीच्या बागा ठिबकवर कशाबशा तग धरून. मग जूनमध्ये एका संध्याकाळी आभाळ फाटतं, आणि त्याच रात्री शाळेमागच्या खड्ड्यातून बेडकांचा असा गलका सुरू होतो की गावाला झोप लागत नाही. "सर, हे इतके दिवस कुठे होते?" असं पाचवीतल्या एका मुलीने मला विचारलं. जळगाव जिल्ह्यातल्या त्या खेड्यात मी विज्ञान शिकवतो. तिला उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की हे उत्तर तासाभरात संपणारं नाही, त्याला अख्खा पावसाळा लागेल. तेव्हापासून दरवर्षी आम्ही पावसाळाभर हा उपक्रम करतो. शिक्षकांना आणि पालकांनाही तो करता यावा म्हणून इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

पुस्तकात हा सगळा प्रवास एका बाणाच्या चित्रात उरकतो : मासा, बेडूक, सरडा, ससा. मुलं बाण पाठ करतात आणि त्यांना वाटतं, एके दिवशी एक मासा पाण्याला कंटाळला आणि काठावर चढला. ही समजूत काढायची असेल तर एक प्रश्न सतत हाताशी ठेवा. खान्देशातल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही, कारण टँकरमागे हंडा घेऊन धावलेली ही मुलं आहेत. प्रश्न असा : याने आपलं पाणी कशात भरून आणलं? जमिनीवर जो जो जीव टिकला त्याने पाणी मागे ठेवलं नाही. कोणी ते कातडीखाली आणलं, कोणी कवचात, कोणी अंड्यात. वहीत प्रत्येक जिवापुढे या प्रश्नाचं उत्तर लिहायचं. आमच्या वहीचं नावच "पाण्याची वही" आहे.

आधी तयारी आणि काळजी

सामान फार नाही : सुतळीचा मोठा गुंडा, रंगीत चिंध्या, मीटरपट्टी, एक भिंग, रुंद तोंडाची काचेची बरणी, बॅटरी, व्हिनेगरची एक बाटली, पारदर्शक नेलपॉलिश आणि चिकटपट्टी.

काळजीचं मात्र नीट वाचा. निरीक्षणासाठी घोट्याइतक्या पाण्याचं डबकंच निवडा. शेततळ्याच्या काठावर मुलांना अजिबात नेऊ नका. प्लास्टिक अंथरलेला तो उतार ओला असला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. पावसाळ्यात बेडकांमागे साप येतात, म्हणून गवतात हात घालण्याआधी काठीने चाचपायचं आणि पायात बूट घालायचे. बेडूक किंवा त्यांची पिल्लं घरी आणायची नाहीत. बरणीत घेतली तरी दहा मिनिटं पाहून त्याच पाण्यात परत सोडायची. साबण, तेल किंवा मीठ लागलेल्या हाताने बेडकाला शिवू नये, कारण त्याची कातडी हेच त्याचं अर्धं फुप्फुस असतं.

पायरी १ : मैदानावर सुतळी

शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात हे करा. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. १ कोटी वर्षं म्हणजे १० सेंटिमीटर धरलं तर ४५.४ मीटर सुतळी लागते. ती मैदानावर ताणा. एक टोक "आज". मापं या टोकापासून मागे मोजायची आणि त्या त्या जागी चिंधी बांधायची.

३५ मीटरवर पहिली चिंधी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांचे त्या काळचे ठसे आहेत. २४ मीटरवर दुसरी : तोवर पाण्यातल्या जिवाणूंनी सोडलेला प्राणवायू हवेत साठायला लागला होता. ही चिंधी मुलांना फुकटची वाटते, पण तिच्यावर थांबा. त्या प्राणवायूपासूनच वर ओझोनचा पडदा तयार झाला. तो नसता तर उघड्या जमिनीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी जिवांची राखरांगोळी झाली असती. मग ५.४ मीटरपर्यंत चालत या. इथे समुद्रात नाना तऱ्हेचे प्राणी दिसू लागतात.

४.७ मीटरवर जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू. ४.१ मीटरच्या आसपास हवेत श्वास घेणारा वाणी, म्हणजे तो पुष्कळ पायांचा किडा. ३.७५ मीटरवर टिकटालिक नावाचा मासा, ३.६५ वर ॲकँथोस्टेगा, ३.१ वर हायलोनोमस. ही नावं आत्ता समजली नाहीत तरी चालतील, पुढे प्रत्येकाची गाठ पडणार आहे. ६६ सेंटिमीटरवर डायनासोर संपले. माणूस शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये, म्हणजे सुतळीच्या टोकाच्या गाठीतच.

आता मुलांना दुसऱ्या, पृथ्वीच्या जन्माच्या टोकापासून "आज"कडे चालवा. चाळीस मीटर झाले तरी जमिनीवर डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही, नुसता बोडका खडक. शेवटच्या पाच पावलांत सगळी गर्दी. मी कितीही बोललो असतो तरी हे त्यांना कळलं नसतं. चालल्यावर कळतं.

इथे एक मूल हमखास विचारतं की आपल्या डोंगरात हे मासे सापडतील का. नाही. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत आपला काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे. सुतळीवर तो डायनासोरांच्या चिंधीपाशी येतो, माशांच्या चिंधीपासून तीन मीटर अलीकडे. त्यामुळे मुलांना हातोडी देऊन टेकडीवर पाठवण्यात अर्थ नाही. दगडातला पुरावा दूरदेशी आहे, पण जिवंत पुरावा आपल्या डबक्यात आहे.

पायरी २ : भिंत, तेरडा आणि केळीचं पान

डबक्यातलं हिरवं शेवाळ काडीने उचला. पाण्यात ते केसांसारखं पसरलेलं असतं, बाहेर काढलं की ओल्या बटेसारखं चिकटून लोंबतं. पाण्यात पाणीच त्याला उभं धरतं. जमिनीवर आलेल्या वनस्पतीपुढे दोन अडचणी इथेच दिसतात : उभं कसं राहायचं आणि वाळायचं कसं नाही. गोड्या पाण्यातली हिरवी शैवालं ही आजच्या झाडांची जवळची भाऊबंद आहेत, त्यामुळे सुरुवात इथूनच करायची.

आता भिंतीकडे. जुन्या विटांच्या भिंतीवर मखमलीसारखा मॉस असतो, आपण त्यालाही शेवाळंच म्हणतो. पावसाआधी तो तपकिरी, मेल्यासारखा दिसतो. त्याच्यावर पाणी शिंपडून भिंगातून पाहत राहा. काही मिनिटांत मिटलेली पानं उलगडतात आणि हिरवी होतात. मॉसकडे पाणी साठवायची सोय नाही, तो सरळ वाळून वाट पाहतो. शिवाय त्याचा पुंबीज पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातो, म्हणजे पावसाशिवाय त्याचा वंशच पुढे सरकत नाही. नेच्यांचंही तेच. तोरणमाळला किंवा पाटणादेवीच्या ओढ्याकाठी श्रावणात गेलात तर दगडांच्या बेचक्यांतून नेचे दिसतील. ते ओल सोडून फार दूर का जात नाहीत हे मुलांनाच सांगू द्या.

तेरड्याचं कोवळं रोप मुळापाशी कापून लाल शाईच्या पाण्यात तासभर ठेवा. त्याचं खोड जवळजवळ पारदर्शक असतं, त्यामुळे लाल रेषा वर चढलेल्या स्पष्ट दिसतात. ह्या नळ्या. त्यांच्यामुळे झाडाला विहीर खाली आणि पानं वर ठेवता आली, आणि त्यांच्याच कडक भिंतींनी खोडाला ताठपणा दिला.

मग केळीचं पान घ्या. रावेर-यावलच्या मुलांना याहून ओळखीची वस्तू नाही. पानावर पाण्याचे थेंब टाका, ते पसरत नाहीत, मोत्यांसारखे घरंगळतात. हा मेणाचा लेप. लेपाने पाणी आत राहिलं, पण हवाही अडली, म्हणून पानाला रंध्रं ठेवावी लागली, उघडझाप करणारी. पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळू द्या, चिकटपट्टीने अलगद उचला आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. ओठांसारखी दिसतात ती रंध्रं. भर उन्हात केळीचं पान मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंनी मिटून खाली झुकतं, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं असतं. तेही पाणी वाचवणंच. नळ्या धरून वहीत केळीपुढे चार उत्तरं झाली.

स्वयंपाकघरातून दगडफूल आणायला विसरू नका. आपल्या काळ्या मसाल्यातलं हे दगडफूल म्हणजे फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे : बुरशी ओल धरते, शैवाल अन्न करतं. अशी भागीदारी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ ४० कोटी वर्षांपूर्वीच्या गरम झऱ्यांच्या गारगोटीत त्या काळच्या वनस्पती जशाच्या तशा राहिल्या आहेत, आणि त्यांच्या पेशींत बुरशीचे धागे दिसतात. मुळं नीट तयार व्हायच्या आधी ही बुरशीच त्यांना खनिजं मिळवून देत असणार.

पायरी ३ : मृगाचा किडा, वाणी, खेकडा

जमिनीवर मासे येण्याच्या कितीतरी आधी हे येऊन बसले होते, पण पुस्तकातला बाण यांना वगळतो. ही चूक आपण करू नये.

मृगाचा पाऊस पडला की तांबड्या मखमलीचा किडा मातीवर चालताना दिसतो. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे कोळ्याच्या कुळातला. त्याच ऱ्हायनीच्या दगडात याच्या दूरच्या नातलगाचे, माइटचे, जीवाश्म आहेत. याच्या कुळातल्या जिवांचं कातडं बाहेरून मेणचट असतं, पाणी आत कोंडून ठेवणारं.

वाणी भिंतीच्या कडेला सापडेल. हातात घेऊ नका, काही वाणी त्रासदायक द्रव सोडतात. कागदावर घेऊन भिंगातून बाजूला पाहिलं तर श्वासाची बारीक छिद्रं दिसू शकतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मायकेल न्यूमन या बसचालकाला हौसेने जीवाश्म शोधताना वाण्याचा जेमतेम सेंटिमीटरभर तुकडा सापडला. त्यावर ही छिद्रं होती, म्हणजे तो प्राणी हवेतच श्वास घेत होता. २००४ साली त्याला न्यूमनचंच नाव देण्यात आलं. हे मी मुलांना दरवर्षी सांगतो. आमच्या वर्गात दोघातिघांचे वडील एसटीत आहेत.

खेकडा बांधावर दिसला तर लांबूनच पाहा. तो कल्ल्यांनीच श्वास घेतो, पण कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून घेऊन हिंडतो. तोंडाशी फेस येतो तो त्याच पाण्याचा. "याने आपलं पाणी कशात भरून आणलं?" याचं इतकं सरळ उत्तर दुसरं कुणी देत नाही.

पायरी ४ : बाजारातली मरळ

आठवडे बाजारात मासे विकणाऱ्या मावशींना विचारून घमेल्यातली जिवंत मरळ पाच मिनिटं पाहू द्या. घमेल्यात वीतभरही पाणी नसतं, तरी ती मजेत असते. थोड्या थोड्या वेळाने ती तोंड वर काढून हवेचा घोट घेते. दोन घोटांत किती सेकंद जातात ते मोजून लिहा. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी वेगळी पोकळी असते. मोठ्या मरळीला वर येऊच दिलं नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. मासा पाण्यात बुडून मरतो, हे ऐकून मुलं तुमच्याकडे संशयाने पाहतील.

हवा कशाला लागावी? एक लीटर हवेत साधारण २१० मिलीलीटर प्राणवायू असतो, तर २० अंशांच्या एक लीटर पाण्यात जेमतेम सहा-सात मिलीलीटर. त्यात पाणी तापलं की तो आणखी घटतो : ० अंशाला लीटरमागे १४.६ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६, म्हणजे जवळपास निम्मा. मेमध्ये आटत्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात, ते यामुळे. उथळ, कोमट, कुजक्या पाण्यात हवेचा घोट घेणारा मासा तगतो. फुप्फुस असं पाण्यातच तयार झालं, जमिनीचा विचारही नव्हता तेव्हा.

मावशींकडूनच रोहू चिरताना आतला पांढरा फुगा मागून घ्या. फुप्फुस या फुग्यापासून तयार झालं असं डार्विनला वाटत होतं. आज उलटं मानलं जातं : फुप्फुसासारखी पिशवी जुनी, आणि पुढे बहुतेक माशांत तिचाच तरंगण्यासाठीचा फुगा झाला.

पायरी ५ : डबकं

हा उपक्रमाचा गाभा आहे. याला महिना-दीड महिना द्या, आणि एकच डबकं धरा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्री मोठ्यांच्या सोबतीने बॅटरी घेऊन काठावर जा. पिवळेधमक मोठे बेडूक गळ्याचे निळसर फुगे फुगवून ओरडत असतात, ते नर. सकाळी पाण्यात अंडी शोधा. लांब पारदर्शक दोरीत काळे मणी ओवल्यासारखी असतील तर ती खडबडीत कातडीच्या भेकाची. बेडकाची अंडी सुटी किंवा पुंजक्यांत असतात. अंड्याभोवती टरफल नाही, नुसता चिकट गर. एक दोरी चमच्यात घेऊन काठावरच्या उन्हात क्षणभर धरा, लगेच सुकायला लागते. परत सोडा. बेडकाने पाणी अंड्यात भरून आणलेलं नाही, म्हणून अंडी घालायला त्याला पाण्याकडे परत यावंच लागतं.

दोन-तीन दिवसांत टॅडपोल बाहेर पडतात. सुरुवातीला गळ्याशी पिसांसारखे बाहेरचे कल्ले असतात, भिंगातून दिसतात, मग त्यांच्यावर कातडीचा पडदा येतो. बरणीत घेऊन खालून पाहा. पोटात जिलेबीसारखं गुंडाळलेलं आतडं दिसेल. शेवाळ खरवडून खाणाऱ्याला एवढं लांब आतडं लागतंच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेपटीच्या मुळाशी दोन बारीक कोंब दिसतात. आमच्याकडे ते पहिल्यांदा एका मुलाने पाहिले आणि तो ओरडला, "सर, याले पाय फुटनात!" मागचे पाय आधी दिसतात, पुढचे नंतर. शेपटी गळून पडत नाही, शरीर ती आतल्या आत जिरवतं. या दिवसांत तो काही खात नाही, कारण तोंड रुंदावत असतं, आतडं आखूड होत असतं, शेवाळ खाणारा किडे खाणारा होत असतो. शेपूट हीच त्याची शिदोरी. आणि याच दिवसांत कल्ले जाऊन फुप्फुसं कामाला लागतात.

हे मला पुस्तकातून आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या वर्षी मी टॅडपोल शाळेत एका टबात ठेवले होते. पाणी स्वच्छ, दाणापाणी वेळेवर. पुढचे पाय फुटले आणि दोन दिवसांत वीसेक पिल्लं मेलेली तरंगताना सापडली. टबाच्या भिंती गुळगुळीत होत्या, चढून बसायला एक दगडसुद्धा नव्हता. ती पाण्यात बुडाली होती. मुलं रडली, आणि त्यांना काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. तेव्हापासून आम्ही काही घरी आणत नाही. डबक्यातच पाहतो. डबक्याला उतरता काठ असतो, आणि त्या उतारावरच ही सगळी गोष्ट घडते.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही, पण आपल्या मुलांना चटकन पटतो. टॅडपोल शरीरातली घाण अमोनियाच्या रूपात सोडतो. अमोनिया विषारी, तो पातळ करायला भरपूर पाणी लागतं. बेडूक झाल्यावर तो मुख्यतः युरिया सोडतो, त्याला पाणी कमी पुरतं. खताच्या गोणीतला युरिया आणि हा युरिया, रेणू एकच.

आता दोन गोष्टी मुलांना स्पष्ट सांगायच्या. पहिली : टॅडपोलचा बेडूक होणं ही वाढ आहे, उत्क्रांती नाही. एका जिवाच्या आयुष्यात घडतं ती वाढ. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशात घडते. डबकं आपल्याला फक्त त्या वाटेवरच्या अडचणी दाखवतं.

दुसरी : "गरज पडली म्हणून पाय फुटले" असं म्हणू नका, मुलांनाही म्हणू देऊ नका. त्यापेक्षा पावसाने ओढ दिली की डबक्यावर जा. पाणी आटत चाललेलं असतं. त्याच घोळक्यातली काही पिल्लं मागच्या पायांची झालेली असतात, काही अजून नुसती शेपटीची. पाणी आटलं त्या दिवशी पाय असलेली काठावर चढतात आणि बाकीची चिखलात मरतात. ज्यांची वाढ उपजतच थोडी लवकर होते त्यांचीच पुढची पिढी होते. मुलांना हे कठोर वाटतं, आणि ते आहेच. नैसर्गिक निवड म्हणजे काय हे मी याहून चांगलं कुठेच दाखवू शकलो नाही. त्या दिवशी कुणी बादलीभर पाणी ओतायला निघालं तर त्याला अडवू नका. आम्ही तीन-चार बादल्या ओततो, मग शेजारचं दुसरं डबकं पाहून येतो.

पायरी ६ : पोळ्याला बैलाचे पाय

पोळ्याच्या सकाळी बैल धुतले जातात, खूर रंगवले जातात. तेवढा वेळ बैल शांत उभा असतो. घरच्या माणसाला सोबत घेऊनच जवळ जा.

आधी स्वतःचा हात चाचपायला सांगा. दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मनगटात लहान हाडांचा पुंजका, मग बोटं. हीच मांडणी बेडकाच्या, पालीच्या, कोंबडीच्या आणि बैलाच्या पायात. बैलाच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट. त्याखालची लांब नळी म्हणजे जोडून एक झालेली तळहाताची दोन हाडं. दुभंगलेला खूर म्हणजे दोन बोटांची नखं, आणि मागे लटकणाऱ्या दोन बारीक खुऱ्या म्हणजे आणखी दोन बोटं. अंगठा गेला. घरी पाया शिजत असेल तर धुतलेली हाडं वहीशेजारी मांडून पाहता येतात.

ही मांडणी कुठून आली? कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर बेटावर २००४ साली नील शुबिन, टेड डेशलर आणि फॅरिश जेंकिन्स यांच्या चमूला ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिकटालिक सापडला. त्याला खवले आहेत, पर आहेत, म्हणजे मासाच. पण पराच्या आत एक हाड, मग दोन, मग मनगटासारखी लहान हाडं. आणि त्याला मान आहे. बाजारात माशाचं डोकं वळवून पाहा, वळत नाही, कारण ते खांद्याच्या हाडांना जखडलेलं असतं. टिकटालिकचं डोकं सुटं होतं. उथळ पाण्यात पुढचे पर टेकवून तो अंग उचलत असावा.

त्यानंतरचा ग्रीनलंडचा ॲकँथोस्टेगा. जेनी क्लॅक १९८७ साली तिकडे गेल्या आणि पुढच्या अभ्यासात त्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं निघाली. पाय आहेत, बोटं आहेत, पण आत कल्लेही आहेत आणि शेपटीला पोहण्याचा पर आहे. म्हणजे पाय आधी पाण्यातच आले, बहुधा पाणवनस्पतींच्या दाटीत रेटा द्यायला. चालणं नंतरचं. आठाची पाच झाली, आणि बैल चालतो ती दोनांवर.

टिकटालिकला आपला सख्खा पूर्वज म्हणू नका. पोलंडमधल्या झाखेल्मिए इथल्या खाणीतले चार पायांच्या प्राण्याचे मानले जाणारे ठसे २०१० साली जाहीर झाले, ते साधारण ३९ कोटी वर्षांचे, सुतळीवर टिकटालिकच्याही १५ सेंटिमीटर मागे. तो चुलत घराण्यातला म्हणायचा. घराणं कसं दिसत होतं ते तो दाखवतो, आणि तेवढं पुष्कळ आहे.

पायरी ७ : अंडं

श्रावण संपला की अंडं आणायला घरातून हरकत येत नाही. कोमट पाण्यात अंडं सोडा, टरफलावरून बुडबुडे सुटतात. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात, हवा जाते-येते. मग दुसरं अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. फेस येईल, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला, दोन दिवसांत टरफल विरघळून नुसता पडद्याचा डुगडुगता फुगा हातात येतो. तो रात्रभर साध्या पाण्यात ठेवला तर फुगतो, साखरेच्या घट्ट पाकात ठेवला तर सुरकुततो. म्हणजे पाण्याची ये-जा होऊ देणारा हा पडदा, आणि वाळण्यापासून वाचवणारं ते टरफल.

कुणाकडे गावरान कोंबडी खुडूक बसली असेल तर सहाव्या-सातव्या दिवशी रात्री एक अंडं उचलून अंधारात बॅटरीवर धरा. मिनिटभरच. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसेल. त्या ठिपक्याभोवती पाण्याची पिशवी आहे. बेडकाला खड्डा लागतो, कोंबडीने खड्डाच अंड्यात घातला. पिल्लाला २१ दिवस पुरेल असा.

हे मी एकदा पालकसभेत सांगत होतो. मागे बसलेल्या एका आजीबाई, ज्यांनी गावातली कितीतरी बाळंतपणं केली होती, म्हणाल्या, "मग ती पाणमोटच की." वर्गात मी "गर्भजल" म्हणत होतो आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. पाणमोट म्हटल्यावर सगळ्या बायांनी माना डोलावल्या. विहिरीतून पाणी उपसायची ती मोट, आणि बाळ जिच्यात तरंगतं ती पाणमोट. कोंबडीच्या अंड्यातली पिशवी, पालीच्या अंड्यातली पिशवी आणि आपल्या आयांच्या पोटातली पिशवी यांचा उगम एकच. शास्त्राच्या भाषेत आपण सगळे त्या पिशवीच्या नावाने ओळखले जाणाऱ्या एकाच गटात बसतो.

त्या गटातला अगदी जुना माहीत असलेला प्राणी हायलोनोमस, कॅनडाच्या जॉगिन्स इथे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या पोकळ बुंध्यांत सापडलेला, वीतभर लांब, सरड्यासारखा. त्याची अंडी मिळालेली नाहीत, पण हाडांवरून तो या गटात बसतो. आणि घरच्या भिंतीवरच्या पालीची लेंडी पाहा. काळ्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, तो युरिक आम्लाचा. अमोनियाला पाणी भरपूर लागतं, युरियाला कमी, याला जवळजवळ लागतच नाही. मे महिन्यात पाल भिंतीवर टिकते आणि बेडूक टिकत नाही, त्याचं एक कारण त्या पांढऱ्या ठिपक्यात आहे.

शेवटचं काम

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा डबक्यावर जाऊन या. पाणी गेलेलं असतं, काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. तिथे खणू नका. बेडूक तिथेच कुठेतरी खाली ओलीत, बांधाच्या बिळांत, दगडांखाली हालचाल कमी करून बसलेले असतात. जिथवर पाणी चढलं होतं तिथे एक खुंटी ठोका आणि पाण्याच्या वहीत तारखा उतरवा : पहिला आवाज, पहिली अंडी, पहिले पाय, काठावरचं पहिलं पिल्लू, डबकं आटल्याचा दिवस. सुतळी चिंध्यांसकट गुंडाळून कपाटात ठेवा, पुढच्या जूनला तीच लागते. पाचवीतली ती मुलगी आता आठवीत आहे. पहिल्या रात्रीच्या आवाजाची तारीख दरवर्षी तीच लिहिते, आणि वही दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.